भोग आणि निवाडा : शिऊरच्या बहिणाबाईंचा शिक्षाविचार

१

बहिणाबाई हे नाव घेतले की आजच्या मराठी वाचकाला आधी आठवतात त्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी. त्यांच्या अडीचशे वर्षे आधीच्या संत बहिणाबाई वारकऱ्यांच्या नित्य स्मरणात आहेत. पण साहित्याचा वाचक त्यांना बहुधा एकाच अभंगावरून ओळखतो. ज्ञानदेवांनी पाया घातला आणि तुकोबा कळस झाले, हा संतपरंपरेच्या इमारतीचा दाखला त्यांचाच. या बहिणाबाईंचा जन्म १६२८ साली वेरूळजवळच्या देवगाव (रंगारी) येथे झाला. १७०० साली त्यांनी देह ठेवला तो वैजापूर तालुक्यातील शिऊर या गावी. त्यांची समाधी तेथेच आहे. काही पुस्तकांत शिऊरचे ‘शिरूर’ छापले गेल्यामुळे त्यांचे गावही कधीकधी हरवते.

बहिणाबाईंनी अभंगांतून आपले चरित्र सांगितले आहे. ‘आत्मनिवेदन’ या नावाने ते ओळखले जाते. जस्टिन अॅबट यांनी १९२९ साली पुण्याहून त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला आणि मराठीबाहेरच्या अभ्यासकांना या स्त्रीची ओळख झाली. पुढे अॅन फेल्डहाउस यांनी १९८२ च्या आपल्या निबंधात पत्नी आणि संत या दोन भूमिकांमधली बहिणाबाईंची ओढाताण नेमकेपणाने दाखवली. आपल्याकडे मात्र या चरित्राचे वाचन दोन टोकांना होत राहिले. एका वाचनात बहिणाबाई आदर्श पतिव्रता ठरतात: नवऱ्याचा मार सोसून त्याचीच सेवा करणाऱ्या. दुसऱ्या वाचनात त्या बंडखोर ठरतात: ब्राह्मण घरातून उठून कुणबी तुकोबांना गुरू करणाऱ्या. दोन्ही वाचनांना गाथ्यात आधार सापडतो. परंतु दोन्ही वाचने एका प्रश्नाला बगल देतात. या चरित्रात शिक्षा कुणाला होते, ती कुणी ठरवली, आणि ती न्याय्य होती असे कोण म्हणते? प्रस्तुत लेखात ‘आत्मनिवेदना’कडे या प्रश्नातून पाहायचे आहे.

२

आधी शब्दांचा विचार करू, कारण या विषयावर मराठी शब्दच बरेच काही ठरवून बसलेले आहेत. ‘शिक्षा’ आणि ‘शिक्षण’ यांचे मूळ एक. म्हणजे मारणारा शिकवतो आहे असे गृहीतच धरले जाते. ‘शासन’ म्हणजे सरकार आणि ‘शासन’ म्हणजे दंडही. सर्वांत विलक्षण शब्द ‘भोग’. देवाला दाखवतात तो भोग, राजे भोगतात ते भोग, आणि विधवेच्या, रोग्याच्या, कर्जबाजारी माणसाच्या वाट्याला येतात तेही भोगच. सुख आणि दुःख दोन्ही एकाच खात्यावर टाकणारा हा शब्द आहे. ‘भोग आहेत, भोगून संपवायचे’ असे म्हटले की पुढची चौकशी थांबते. कुणी केले, का केले, थांबवता आले असते का, हे प्रश्न विचारायची गरजच उरत नाही.

लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) कर्मविपाकाला एक स्वतंत्र प्रकरण दिले आणि त्या प्रकरणाच्या नावातच ‘आत्मस्वातंत्र्य’ हा शब्द जोडला. संचित आणि प्रारब्ध यांच्या जोडीने माणसाला स्वतंत्रपणे काही करता येते की नाही, हा त्यांचा प्रश्न होता. ग्रंथांत हा प्रश्न सूक्ष्म आहे. व्यवहारात मात्र कर्मसिद्धान्त म्हणींतून वावरतो: करावे तसे भरावे, पेरावे तसे उगवते. वैजापूरसारख्या पर्जन्यछायेतल्या तालुक्यात ही दुसरी म्हण रोज खोटी ठरते. तेथे चांगले बियाणे वेळेवर पेरणाऱ्यालाही पावसाने पाठ फिरवली की काहीच उगवत नाही. नांदूर मधमेश्वरचा जलदगती कालवा ज्याच्या शिवारातून गेला त्याचे उगवते, पलीकडच्याचे करपते. दोघांच्या पेरणीत आणि पुण्याईत काही फरक नसतो. तरीही म्हण टिकून आहे, कारण ती शेतीचे निरीक्षण म्हणून सांगितली जातच नाही. ज्याचे पीक गेले त्याच्याबद्दल, ज्याचे पीक आले तो ती सांगतो. म्हणजे एकच वाक्य कोण उच्चारतो यावर त्याचा अर्थ ठरतो. ‘आत्मनिवेदन’ वाचताना हीच गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

३

बहिणाबाईंचे लग्न अगदी लहानपणी पाठक घराण्यातील सुमारे तीस वर्षांच्या बिजवराशी झाले. त्या नऊ वर्षांच्या असताना भाऊबंदकीच्या त्रासामुळे आईवडील, नवरा आणि ही मुलगी यांना गाव सोडावे लागले. गोदाकाठाने भिक्षा मागत, पंढरपूर करून हे कुटुंब शेवटी कोल्हापूरला स्थिरावले. तेथे हिरंभट नावाच्या ब्राह्मणाच्या घरी त्यांचे बिऱ्हाड होते. बहिणाबाईंच्या नवऱ्याला एक गाय दान मिळाली. तिला वासरू झाले. या वासराला बहिणाबाईंचा इतका लळा लागला की ते त्यांच्या मागे सगळीकडे जाई, कीर्तनालाही.

कोल्हापुरात जयरामस्वामींची कीर्तने चालू होती. एकदा बहिणाबाई वासरासह कीर्तनाला गेल्या असता स्वामींनी वासराच्या आणि या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. गावात बोलबाला झाला. नवऱ्याच्या कानावर गेले. त्याने तिला केसांना धरून ओढले, मारले आणि बांधून ठेवले. तेव्हा बहिणाबाई अकरा वर्षांच्या होत्या.

ही घटना सांगताना बहिणाबाई तिचे समर्थनही करत नाहीत आणि आक्रोशही करत नाहीत. त्या नोंद करतात. या नोंदीत काय झाले याला जितके महत्त्व आहे तितकेच त्यानंतर कोण कसे वागले याला आहे. मुलीला बांधल्यावर गाईने आणि वासराने चारापाणी सोडले. पुढे वासराने प्राण सोडला. त्याला मूठमाती दिली तेव्हा बहिणाबाई बेशुद्ध पडल्या आणि कित्येक दिवस शुद्धीवर आल्या नाहीत. त्या अवस्थेतच त्यांना पांडुरंगाचे आणि पुढे तुकोबांचे स्वप्नदर्शन झाले.

या शिक्षेवरचा पहिला अभिप्राय, असे आपण म्हणू शकतो, जनावरांनी दिला आहे. शास्त्र जाणणारा नवरा ज्या कृत्याला आपला अधिकार समजतो, त्याच कृत्यानंतर गोठ्यातली गाय चारा नाकारते. वारकरी कथापरंपरेत अशा प्रसंगांना चमत्कार म्हणून पाहिले जाते. पण चमत्कार बाजूला ठेवला तरी कथनाची रचना शिल्लक राहते. बहिणाबाईंनी नवऱ्याच्या कृत्याशेजारी गाईचा उपास ठेवला आहे आणि त्यावर स्वतः टिप्पणी केलेली नाही. वाचकाला ती करावी लागते.

४

बहिणाबाई आपल्या नवऱ्याच्या संतापाला जमदग्नीची उपमा देतात. ही उपमा सहज सुचलेली नाही. मन क्षणभर विचलित झाले म्हणून जमदग्नीने रेणुकेला मृत्यूची शिक्षा फर्मावली आणि ती मुलाच्या हातून अमलात आणली. अपराध मनातला आणि दंड मानेवर. पुराणकथेत परशुरामाला वर मिळून रेणुका जिवंत होते, म्हणून आपण ती कथा सुखान्त मानून पुढे जातो. शिक्षा प्रमाणात होती का हे विचारत नाही. बहिणाबाई ते नाव घेतात तेव्हा तपस्वी आणि संतापी हे दोन्ही अर्थ त्यात येतात. नवऱ्याच्या विद्वत्तेचा त्यांनी गौरवच केला आहे. विद्वत्ता असूनही प्रमाणाचे भान नाही, हे दुखणे त्या एका नावात सांगून जातात.

महाभारताच्या आदिपर्वात याच प्रमाणाचा प्रश्न थेट यमधर्मापुढे मांडला गेला आहे. अणीमांडव्य ऋषींना चोरीच्या खोट्या आळावर सुळी दिले जाते. ते यमाला कारण विचारतात. उत्तर मिळते की लहानपणी तू कीटकांना गवताची काडी टोचली होतीस, त्याचे हे फळ. मांडव्य हे उत्तर स्वीकारत नाहीत. अपराध लहान आणि दंड मोठा, हा अधर्म आहे असे ते यमालाच सुनावतात, त्याला शूद्रयोनीत जन्म घेण्याचा शाप देतात (तोच विदुर), आणि यापुढे चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या हातून घडलेले पाप मानले जाणार नाही अशी मर्यादा घालून देतात. कर्मफळाचा हिशेब चुकू शकतो, हिशेबनीसाला जाब विचारता येतो आणि नियम बदलता येतो, असे सांगणारी ही कथा परंपरेच्या आतलीच आहे.

मांडव्यांच्या या मर्यादेने पाहिले तर अकरा वर्षांच्या बहिणाबाईंच्या खात्यावर मुळात काही पाप मांडताच येत नाही. कीर्तनाला जाणे हा अपराध आहे की नाही, हा वाद त्याच्या नंतरचा. परंपरेचा दाखला देऊन ज्याने शिक्षा केली त्याला परंपरेनेच अडवले असते. पण घरात दाखला द्यायला दुसरे कुणी नव्हते. शास्त्राचा अधिकार एकाच माणसाच्या हाती असला म्हणजे शास्त्रातल्या मर्यादाही त्याच्याच मर्जीवर राहतात.

५

आता अवघड भागाकडे वळू. बहिणाबाईंनी स्वतः काही अभंगांत आपल्या दुःखाचे कारण पूर्वजन्मीच्या पापात शोधले आहे. कोणत्या पापामुळे मी पुरुषोत्तमाला अंतरले, मनुष्यदेह मिळाला पण तो स्त्रीचा मिळाला, असंख्य पापे फळाला आली, असे त्या म्हणतात. वेद ऐकण्याचा अधिकार नाही, गायत्री मंत्र लपवून ठेवलेला, प्रणवाचा उच्चार करायचा नाही, स्त्रीचा देह पराधीन, अशी त्यांची खंत आहे. वेद आणि पुराणे स्त्रीच्या संगतीत हित नाही असे गर्जून सांगतात. मग स्त्रीचाच देह घेऊन आलेल्या मी परमार्थ कसा साधावा, हा त्यांचा पेच आहे. नवऱ्याशी एकनिष्ठ राहण्याचा उपदेश करणारे स्त्रीधर्माचे अभंगही त्यांच्या गाथ्यात आहेत.

हे अभंग वाचून बहिणाबाईंनी आपल्यावरचा अन्याय न्याय्य मानला, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मला तो पुरेसा वाटत नाही. या अभंगांचे व्याकरण पाहावे. पापाची भाषा येते ती जवळजवळ नेहमी प्रश्नाच्या रूपात: कोणते पाप? उत्तर येत नाही. कोणत्याही एका अभंगात त्या ते पाप ओळखून त्याची या माराशी जोड लावत नाहीत. शिवाय त्या ज्याला फळ म्हणतात ते मार हे नव्हे. फळ म्हणजे देवापासून आणि वेदापासून दूर ठेवले जाणे. आणि हे दूर ठेवणारे कोण, हेही त्या लगेच सांगतात: मंत्र लपवणारे आहेत. म्हणजे एका दमात पूर्वजन्मीचे पाप येते आणि दुसऱ्याच दमात आजच्या माणसांची करणी येते. दोन्हींचा मेळ त्या घालत नाहीत. मेळ न बसणे हीच त्या अभंगांची वेदना आहे.

स्वतःपुरते कर्म मांडणारा माणूस त्यातून दोन गोष्टी मिळवतो. एक म्हणजे दुःखाला काहीतरी अर्थ. अर्थहीन दुःख सोसणे फार कठीण असते. दुसरी म्हणजे पुढे काही करण्याची वाट. कारण मागचे माझे असेल तर पुढचेही माझ्या हाती आहे. याची किंमतही असते. स्वतःला दोषी मानण्याची सवय अंगवळणी पडते आणि मारणाऱ्याचा हात नजरेआड होतो. बहिणाबाई ही किंमत मोजतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. स्त्रीधर्माचे अभंग आज शिऊरात किंवा कुठेही एखाद्या नव्या सुनेला ऐकवले जातात तेव्हा ती किंमत तिच्याकडूनही वसूल केली जाते. पण बहिणाबाईंनी स्वतःविषयी जे म्हटले ते दुसऱ्याने त्यांच्याविषयी म्हणणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. एखादी बाई ‘माझेच भोग’ म्हणते तेव्हा ती रडत असते. तिच्या सासरचे ‘तिचेच भोग’ म्हणतात तेव्हा ते हात झटकत असतात.

६

दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब लावण्याचे प्रसंगही ‘आत्मनिवेदना’त येतात आणि तेथे बहिणाबाईंची दृष्टी अधिक स्पष्ट दिसते. तीन प्रसंग पाहू.

पहिला वासराचा. या कथेत वासरू हा मागच्या जन्मीचा योगभ्रष्ट साधक मानला आहे. म्हणजे येथे पूर्वकर्माचा सिद्धान्त दुसऱ्या जिवाला लावला आहे. पण लावल्याचा परिणाम काय? वासरू पशुयोनीत आले म्हणजे ते हीन, त्याने भोगावे, असे कुणी म्हणत नाही. उलट या देहात एक अपुरी राहिलेली साधना आहे, म्हणून कीर्तनकार त्याच्या डोक्यावर हात ठेवतो. सिद्धान्त तोच, पण त्यामुळे हात उगारला जात नाही, मायेने ठेवला जातो.

दुसरा प्रसंग नवऱ्याच्या आजाराचा. बायकोची कीर्ती वाढते, लोक तिच्या दर्शनाला येतात, हे सहन न होऊन तो तिला सोडून निघून जायचे ठरवतो. त्या वेळी बहिणाबाई तीन महिन्यांच्या गरोदर आहेत. निघायच्या वेळीच त्याच्या अंगाचा दाह सुरू होतो आणि तो महिनाभर अंथरुणावर पडतो. येथे वाचक दैवी शिक्षेची अपेक्षा करतो आणि एका अर्थी ती आहेही. पण बहिणाबाई ‘तुम्ही मला मारले, त्याचे हे फळ’ असे म्हणत नाहीत. तुकोबांची आणि पांडुरंगाची निंदा केल्यामुळे हे झाले असेल का, ही शंका त्या आजारी माणसाच्याच मनात येते. म्हणजे येथेही कर्माचा हिशेब ज्याचा तोच मांडतो. बहिणाबाई त्याच्या उशाशी बसून सेवा करतात. मग एक वृद्ध ब्राह्मण येतो आणि नवऱ्याला विचारतो की बायकोला टाकतोस, पण तिचा अपराध काय ते आधी नीट पाहिलेस का?

सगळ्या चरित्रात शिक्षेआधी अपराध विचारला जावा, असे म्हणणारा हा क्षण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. न्यायाची सगळी इमारत याच प्रश्नावर उभी असते. तो येतो तो मार देऊन झाल्यावर, बांधून झाल्यावर, टाकायचे ठरवून झाल्यावर. तरी तो येतो. त्यानंतर नवरा बदलतो आणि पुढे सहकुटुंब देहूला जातो. या बदलाला बहिणाबाईंच्या पातिव्रत्याचे बक्षीस म्हणण्याची प्रथा आहे. पण कथनाचा क्रम पाहिला तर बदल सोसण्यातून आलेला दिसत नाही. सोसणे वर्षानुवर्षे चाललेच होते आणि त्याने काही बदलले नव्हते. बदल झाला तो स्वतःच्या देहाला दाह झाल्यावर, आणि कुणीतरी अपराध काय असे विचारल्यावर.

तिसरा प्रसंग देहूचा. तेथे मंबाजी गोसावी या कुटुंबाला छळतो, कारण ब्राह्मण असून ते शूद्राला गुरू मानतात. वाळीत टाकण्याची धमकी देतो. शेवटी तो त्यांची गाय नेऊन बांधतो, उपाशी ठेवतो आणि मारतो. त्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटतात. वारकऱ्यांना ही कथा तोंडपाठ आहे. बक्षीस आणि शिक्षा यांच्या दृष्टीने ती पुन्हा वाचावी. कर्माच्या नेहमीच्या हिशेबात एकाचे दुःख दुसऱ्याच्या अंगावर जाऊ शकत नाही. ज्याचे त्याने भोगायचे असते. येथे नेमके तेच मोडले आहे. गाईने काय पाप केले म्हणून तिला मार बसला, हे तुकोबा विचारत नाहीत. तिचा मार ते आपल्या पाठीवर घेतात. जो हिशेब मांडत बसत नाही त्याच्याच अंगावर वळ उठतात, आणि बहिणाबाईंच्या लेखी संत तोच.

तिन्ही प्रसंग एकत्र ठेवले की एक भेद दिसतो. स्वतःच्या दुःखाला कर्म लावायला ‘आत्मनिवेदना’त मोकळीक आहे. दुसऱ्याच्या दुःखाला कर्म लावायचे तर ते त्याची प्रतिष्ठा वाढवण्यासाठी लावता येते. दुसऱ्याला मारणे योग्य होते हे सिद्ध करण्यासाठी मात्र कर्माचा आधार कुणालाही घेऊ दिलेला नाही. मंबाजीकडे जातीचा अधिकार आहे, शास्त्राचा अधिकार आहे. कथनाची सहानुभूती एका ओळीपुरतीही त्याच्या वाट्याला येत नाही.

७

हा भेद बहिणाबाईंनी तत्त्व म्हणून कुठे मांडला आहे का? माझ्या मते ‘वज्रसूची’च्या रूपांतरात तो मांडला आहे. ब्राह्मण कोणाला म्हणावे, हा प्रश्न घेऊन ‘वज्रसूची’ एकेक उत्तर तपासते आणि खोडून काढते. जीव ब्राह्मण म्हणावा तर जीव अनेक देहांतून तोच जातो. देह ब्राह्मण म्हणावा तर पित्याच्या देहाला अग्नी देणाऱ्या पुत्राला ब्रह्महत्या लागेल. जन्म म्हणावा तर ऋष्यशृंग हरिणीच्या पोटी, व्यास कोळिणीच्या पोटी, अगस्त्य कुंभातून जन्मले. ज्ञान म्हणावे तर ज्ञानी क्षत्रियही पुष्कळ होते. आणि कर्म म्हणावे तर संचित, प्रारब्ध आणि पुढे होणारे कर्म सगळ्याच प्राण्यांना सारखे लागलेले आहे.

बहिणाबाईंनी संस्कृतातली ही मांडणी मराठी अभंगांत आणली. जन्मावरच्या युक्तिवादाकडे अभ्यासकांचे लक्ष नेहमी जाते आणि ते योग्यच आहे. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातल्या जातिभेदाच्या वादातही ‘वज्रसूची’चा आधार घेतला गेला. पण कर्मावरचा युक्तिवाद आपल्या विषयासाठी अधिक मोलाचा आहे. उच्च कुळात जन्म हे पूर्वपुण्याचे बक्षीस आणि नीच मानलेल्या कुळात जन्म ही पूर्वपापाची शिक्षा, या समजुतीचे मूळच तो तोडतो. कर्म सर्वांना लागलेले असेल तर ते कुणाला उंच आणि कुणाला खाली बसवण्याचे कारण होऊ शकत नाही. जमा-खर्चाची वही प्रत्येकाची आहे, आणि दुसऱ्याची वही वाचायचा परवाना कुणालाच नाही.

ज्या बाईने आपला स्त्रीदेह हे पापाचे फळ मानले, तिनेच हे रूपांतर केले आहे. यात विसंगती आहे का? आहे. स्त्रीदेहाविषयी ‘वज्रसूची’सारखा युक्तिवाद त्यांनी कुठे केला नाही. देह ब्राह्मण नव्हे, मग देह पापीही नव्हे, ही पुढची पायरी त्यांच्यासमोर होती. ती त्यांनी चढली नाही, असे मला वाटते. पण ती दिसेल इतपत उजेड त्यांनीच करून ठेवला आहे.

८

येथे एक मोठा आक्षेप घ्यावा लागतो. कर्मसिद्धान्ताचा चांगला वापर आणि वाईट वापर असे भेद कशाला करायचे? सिद्धान्तच टाकून का देऊ नये? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या समजुतीवर बोट ठेवले आहे. गरिबांच्या आणि खालच्या मानल्या गेलेल्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, याखेरीज या समजुतीचा दुसरा हेतू संभवत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. हा आक्षेप मराठवाड्यात तरी पुस्तकी राहत नाही. ज्या मुलखात पाणी कुणाला मिळते आणि कुणाला नाही हे कालवा, धरण, अर्ज आणि ओळख यांवर ठरते, तेथे ‘नशीब’ हा शब्द फार लोकांच्या सोयीचा असतो. कर्जापायी कुणी जीव दिला की त्याच्या घरच्यांना पहिले सांत्वन प्रारब्धाचे मिळते. चौकशी नंतर, झाली तर.

मानसशास्त्रानेही ही वृत्ती नोंदवली आहे आणि ती भारतापुरती नाही. अमेरिकेत मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी १९६६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका विद्यार्थिनीला विजेचे धक्के बसत आहेत, असे इतर विद्यार्थिनींना दाखवण्यात आले. धक्के खरे नव्हते, पण पाहणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. तिचा त्रास थांबवता येत नाही आणि तो पुढेही चालू राहणार, असे वाटले तेव्हा पाहणाऱ्यांचे त्या मुलीविषयीचे मत खाली आले. तिच्यातच काही उणे असावे, अशा दृष्टीने त्या पाहू लागल्या. जग न्यायी आहे हा विश्वास टिकवायचा तर सोसणारा दोषी ठरवावा लागतो. तेथे पूर्वजन्माची कल्पना नव्हती, तरी हिशेब तोच निघाला. सिद्धान्त काढून टाकला तरी वृत्ती उरते, एवढे तरी यातून दिसते.

म्हणून आंबेडकरांचा आक्षेप मान्य करूनही बहिणाबाईंचा गाथा हातात राहतो. समाजाची जबाबदारी ठरवताना पूर्वकर्माला जागा नाही, हे त्यांचे म्हणणे सार्वजनिक न्यायाला पुरेपूर लागू आहे. गाथा त्याला छेद देत नाही. मंबाजीच्या प्रसंगात तो त्याच बाजूला उभा राहतो. गाथ्याची खरी उणीव घरातल्या न्यायाबाबत आहे. देहूच्या गोसाव्याला गाथा माफ करत नाही, पण कोल्हापूरच्या नवऱ्याच्या कृत्याला नाव देत नाही. जातीच्या शिक्षेविरुद्ध बोलायला बहिणाबाईंना तुकोबांची आणि ‘वज्रसूची’ची भाषा मिळाली. नवऱ्याच्या शिक्षेविरुद्ध बोलायला त्यांच्या काळाने त्यांना भाषाच दिली नव्हती. म्हणून त्यांनी घटना तशीच ठेवली, तिच्या शेजारी उपाशी गाय ठेवली आणि एका म्हाताऱ्याच्या तोंडी प्रश्न दिला.

९

शिऊरला अखेरच्या दिवसांत बहिणाबाईंनी मुलाला, विठोबाला, आपल्या मागच्या बारा जन्मांची हकिगत सांगितली. हा तेरावा जन्म शेवटचा, असा त्यांचा विश्वास होता. इतके जन्म सांगायचे म्हटल्यावर पाप, फळ, शिक्षा यांची लांबलचक यादी अपेक्षित असते. या सांगण्यात लक्षात राहते ते वेगळेच: मागच्या जन्मांतही तू माझ्या सोबत होतास, असे मरणाच्या उंबऱ्यावरची आई मुलाला सांगते आहे. आयुष्यभर ज्या सिद्धान्ताने त्यांना दोषी ठरवले, त्याच सिद्धान्ताचा त्यांनी शेवटी केलेला उपयोग हा आहे.

आश्विन शुद्ध प्रतिपदेला, घटस्थापनेच्या दिवशी, त्यांची पुण्यतिथी येते. त्या निमित्ताने कीर्तनांतून त्यांचे चरित्र सांगितले जाते, आणि ते सांगताना वासराचा चमत्कार आणि पातिव्रत्याचा महिमा यांवर भर असतो. तो असावा. पण कोल्हापूरच्या त्या घरात मार बसला तेव्हा मुलगी अकरा वर्षांची होती, हेही सांगितले जावे. आणि तिचा अपराध काय, हा वृद्ध ब्राह्मणाचा प्रश्न तेथे जरा थांबून, श्रोत्यांना ऐकू जाईल असा, विचारला जावा. गाथ्यात तो आहेच. नव्याने घालावा लागणार नाही.